जलचक्राच्या चित्रात गटार कुठे आहे?

जलचक्राचे चित्र आपल्या सर्वांच्या हाताखालून गेलेले आहे. एका कोपऱ्यात समुद्र, वर सूर्य, वाफेचे बाण, ढग, दुसरीकडे डोंगर, डोंगरावर पाऊस आणि तिथून नागमोडी वाहत पुन्हा समुद्राला मिळणारी नदी. फळ्यावर पाच मिनिटांत काढून होते, परीक्षेत हमखास विचारले जाते आणि मुलांनाही काढायला आवडते. या चित्राविषयी आमची एक तक्रार आहे. त्यात एकही रस्ता नाही, एकही छप्पर नाही, आणि गटार तर नाहीच. चित्रातला पाऊस नेहमी डोंगरावर, झाडांवर किंवा समुद्रावर पडतो. ज्या वर्गात ते चित्र शिकवले जाते त्या वर्गाच्या छपरावर तो कधीच पडत नाही.

ही तक्रार आमची एकट्याची नाही. २०१९ साली 'नेचर जिओसायन्स' या नियतकालिकात एका संशोधकगटाने जलचक्राच्या ४६४ आकृत्यांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ८५ टक्के आकृत्यांत माणसाचा पाण्याशी काही संबंध असल्याची खूणही नव्हती. प्रदूषण किंवा हवामानातील बदल यांचा मागमूस असलेल्या आकृत्या तर शंभरात जेमतेम दोन होत्या.

यावर नेहमी एक उत्तर दिले जाते. 'लहान मुलांसाठी चित्र सोपेच असायला हवे. सगळे दाखवायला गेलो तर गोंधळ होईल.' सोपेपणाला आमचा विरोध नाही. चित्र सोपे करताना काहीतरी वगळावेच लागते. प्रश्न एवढाच, की काय वगळायचे? मुलाला रोज दिसणारी, पावसाळ्यात ज्यातून पाय ओढत त्याला शाळेत यावे लागते ती गोष्ट वगळायची आणि त्याने कदाचित कधी न पाहिलेला बर्फाच्छादित डोंगर ठेवायचा, याला सोपेपणा म्हणता येणार नाही. शिवाय या वगळण्याचे परिणाम केवळ परीक्षेपुरते राहत नाहीत. तेच चित्र डोक्यात घेऊन मुले पुढे अभियंते, नगरसेवक आणि सोसायटीचे सचिव होतात.

मुरण्याचा बाण

चित्रात एक छोटा बाण असतो, 'जमिनीत मुरणे'. शहर झाले की सर्वांत आधी हा बाण मोडतो. अमेरिकेत वारंवार छापल्या जाणाऱ्या एका आकृतीत ही गोष्ट आकड्यांत दिलेली असते. झाडोऱ्याने झाकलेल्या जमिनीवर पडलेल्या पावसापैकी सुमारे ५० टक्के मुरतो, ४० टक्के बाष्परूपाने परत जातो आणि १० टक्के पृष्ठभागावरून वाहून जातो. तीच जमीन बहुतांश काँक्रीट, डांबर व छपरे यांनी झाकली की वाहून जाणारा वाटा सुमारे ५५ टक्क्यांवर जातो आणि मुरणारा १५ टक्क्यांवर येतो. या वाहून जाणाऱ्या पाण्याला आपल्याकडे 'अपधाव' म्हणतात.

हे आकडेही जसेच्या तसे पाठ करून घेण्याजोगे नाहीत. ते एका विशिष्ट हवामानाचे ढोबळ आकडे आहेत. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळलेली असताना पहिला पाऊस घटाघटा पिते आणि एकदा भिजून फुगली की पाणी घेईनाशी होते. जांभ्याच्या जमिनीचे वागणे आणखी निराळे. पण दिशा सगळीकडे एकच आहे. झाकलेल्या जमिनीवरून अधिक पाणी, अधिक वेगाने आणि एकाच वेळी वाहते.

हे पाणी स्वच्छही नसते. रस्त्यावर टायरची झीज पडलेली असते, ब्रेकमधून निघालेली तांब्याची भुकटी असते, इंजिनातून ठिबकलेले तेल असते, पत्र्यांवरून सुटलेले जस्त असते, कुत्र्यामांजरांची घाण असते. पावसाची पहिली सर हे सारे धुऊन नेते. आपल्याकडे तर हा साठा सात-आठ कोरड्या महिन्यांचा असतो. मैलापाण्याची व पावसाची गटारे जिथे वेगवेगळी बांधलेली असतात तिथे पावसाचे पाणी शुद्धीकरण केंद्रात जात नाही. ते सरळ नाल्यात, नदीत किंवा खाडीत जाते. 'आकाशातले पाणी शुद्धच असते' हा समज या व्यवस्थेच्या मुळाशी आहे, आणि आपले चित्र त्याला खतपाणीच घालते.

उलटा वाफा

हा मोडलेला बाण थोडाफार दुरुस्त करण्याची एक युक्ती अमेरिकेतील मेरीलँड राज्यात, वॉशिंग्टन शहराला लागून असलेल्या प्रिन्स जॉर्जेस परगण्यात, १९९० च्या सुमारास पुढे आली. तिला बायोरिटेन्शन असे नाव मिळाले. १९९३ साली त्या परगण्याने तिची बांधणी कशी करावी याची पुस्तिका काढली. घरगुती, लहान प्रमाणावरच्या अशा वाफ्याला 'रेन गार्डन' म्हणतात. आपण याला मुरवण-वाफा म्हणू या.

आपल्याकडचे बागेतले वाफे किंवा रस्त्याचे दुभाजक पाहा. कठडा उंच, आतली माती त्याहून थोडी खाली पण रस्त्यापेक्षा वरच. पाऊस पडला की चिखल रस्त्यावर येतो. मुरवण-वाफा नेमका याच्या उलट असतो. तो रस्त्यापेक्षा खोल असतो आणि त्याच्या कठड्याला जागोजाग खाचा ठेवलेल्या असतात, म्हणजे रस्त्याचे पाणी आत शिरते. वर १५ ते ३० सेंटिमीटर पाणी उभे राहील एवढी जागा, त्याखाली लाकडाच्या सालपटांचे आच्छादन, मग साधारण अर्धा ते एक मीटर जाडीचा वाळू जास्त असलेल्या मातीचा थर, आणि गरज असेल तर तळाशी खडी व तीत छिद्रांची नळी. वाफा भरलाच तर जादा पाणी बाहेर जाण्यासाठी एक मोकळी वाट ठेवलेली असते.

काम अनेक मार्गांनी चालते. पाण्याचा वेग मंदावतो तेव्हा गाळ खाली बसतो. मातीतील सेंद्रिय पदार्थ व चिकणमातीचे कण धातूंना धरून ठेवतात. तेलासारख्या पदार्थांवर मातीतले जिवाणू जगतात. मुळे माती भुसभुशीत ठेवतात, आणि दोन पावसांच्या मधल्या काळात झाडे पाणी शोषून हवेत सोडतात, त्यामुळे पुढच्या पावसासाठी जागा रिकामी होते. मेरीलँड विद्यापीठातील प्रयोगशाळेत तपासले तेव्हा तांबे, शिसे आणि जस्त यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक वाटा अशा मातीत अडकलेला आढळला.

ओढा सजवला, मासे मेले

हे सगळे कशासाठी, असे कोणी विचारले तर सिएटल शहरातील ओढ्यांची हकिगत सांगावी.

कोहो सॅमन हा मासा समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी गोड्या पाण्याच्या ओढ्यांत परत येतो. (आपल्याकडे रावसाला कधी कधी 'इंडियन सॅमन' म्हणतात, तो मासा वेगळा.) १९९० च्या दशकात सिएटलच्या परिसरात शहरी ओढे सुधारण्याची कामे झाली. अडथळे काढले, काठावर झाडे लावली, तळाशी माशांना हवी तशी खडी टाकली. ओढा पुन्हा चित्रातल्यासारखा झाला. मासे आलेही. पण शरद ऋतूतला पाऊस झाला की ते पृष्ठभागावर येऊन तोंडे वासत, तोल जाऊन फिरत आणि काही तासांत मरत. माद्यांच्या पोटात अंडी तशीच असत. २००२ ते २००९ या काळातल्या पाहण्यांत, परत आलेल्या माद्यांपैकी ६० ते १०० टक्के अंडी घालण्याआधीच मेलेल्या आढळल्या.

संशय रस्त्यावरून येणाऱ्या पाण्यावर होता. संशोधकांनी प्रयोगशाळेत ज्ञात धातू आणि तेलातील घटक मिसळून कृत्रिम 'रस्त्याचे पाणी' केले आणि त्यात मासे ठेवले. त्या पाण्यात मासे तसे मेले नाहीत. खऱ्या महामार्गावरून गोळा केलेल्या पाण्यात मात्र ते हटकून मेले. म्हणजे विष त्या पाण्यात होते, पण आपल्या यादीत नव्हते. मग तेच महामार्गाचे पाणी वाळू व कंपोस्ट यांच्या थरातून झिरपू दिले. त्या पाण्यातले मासे जगले. हे निष्कर्ष २०१६ पर्यंत प्रसिद्ध झाले.

विषाचे नाव कळायला २०२० चा डिसेंबर उजाडला. टायरच्या रबराला ओझोनमुळे भेगा पडू नयेत म्हणून त्यात ६-पीपीडी नावाचे रसायन घालतात. त्याची ओझोनशी क्रिया होऊन ६-पीपीडी-क्विनोन तयार होते, टायरच्या झिजेबरोबर रस्त्यावर पडते आणि पावसाबरोबर ओढ्यात जाते. पुढील मोजमापांनुसार एका लिटर पाण्यात एका मायक्रोग्रॅमचा दहावा भाग एवढ्या प्रमाणातही ते निम्म्या कोहो माशांना मारते. त्याच कुळातल्या चम सॅमनला मात्र त्याने तसे काही होत नाही.

शिक्षकांसाठी या हकिगतीत दोन गोष्टी आहेत. एक, उपाय आधी सापडला आणि कारण नंतर. पाठ्यपुस्तकात विज्ञान नेहमी 'समस्या, कारण, उपाय' अशा क्रमाने चालते. प्रत्यक्षात तसे चालतेच असे नाही. दुसरी, ओढ्याचे रूप सुधारले पण त्यात येणारे पाणी तेच राहिले. सुधारणा करणाऱ्यांच्या मनात ओढा, खडी, झाड होते. ओढ्यात उतरणारा रस्ता चित्राबाहेर राहिला होता.

दुसऱ्या चित्रावरील आक्षेप

इथवर वाचून कोणाला वाटेल की जलचक्राच्या चित्राशेजारी मुरवण-वाफ्याचे चित्र छापले की झाले. आमचा खरा आक्षेप इथेच सुरू होतो. कारण माहितीपत्रकांतून आणि लोकप्रिय लेखांतून दिसणारे वाफ्याचे चित्रही पहिल्या चित्राइतकेच गुळगुळीत असते. एका बाजूने करडा बाण आत, दुसऱ्या बाजूने निळा बाण बाहेर, वर फुलपाखरू. या चित्रात चार गोष्टी लपतात.

पहिली, करडा रंग जातो कुठे? धातू नष्ट होत नाहीत. ते आच्छादनात व वरच्या थरात साठतात. काही वर्षांनी तो थर काढावा लागतो आणि तो कुठे टाकायचा हा प्रश्न उरतो. चित्रात वस्तू नाहीशी होते. रसायनशास्त्रात तसे होत नाही.

दुसरी, निळा बाण नेहमीच निळा नसतो. कंपोस्ट जास्त घातले किंवा आधीच खत मिळालेली माती वापरली तर वाफ्यातून स्फुरद उलट बाहेर पडते. उत्तर कॅरोलिनातील एका वाफ्यात आत येणाऱ्यापेक्षा बाहेर जाणारे स्फुरद अधिक भरले होते. म्हणजे माशांना वाचवणारे कंपोस्टच पुढच्या तळ्यात शेवाळ माजवू शकते. नत्राचीही अशीच अडचण आहे. हवेशीर मातीत जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात आणि नायट्रेट मातीला चिकटत नाही, पाण्याबरोबर निघून जाते. ते थांबवायचे तर तळाशी पाणी साचून राहील असा प्राणवायूरहित थर आणि जिवाणूंना खाद्य म्हणून कर्बयुक्त पदार्थ लागतो. मेरीलँडच्या संशोधकांनी २००३ साली यासाठी वर्तमानपत्राच्या कपट्यांचा उपयोग यशस्वीपणे करून दाखवला. तेव्हा एकच वाफा सगळ्या रोगांवर औषध नाही. कोणत्या प्रदूषकासाठी कोणता थर, हे ठरवावे लागते.

तिसरी गोष्ट, माप. हे गणित सातवीच्या वर्गातही करता येते. १०० चौरस मीटर गच्चीचे पाणी ५ चौरस मीटर वाफ्यात सोडले आहे. वाफ्यात १५ सेंटिमीटर पाणी उभे राहू शकते, म्हणजे ७५० लिटर. माती तासाला ५० मिलिमीटर पाणी मुरवते, म्हणजे २५० लिटर. तासाभरात १० मिलिमीटर पाऊस पडला तर गच्चीवरून १,००० लिटर येतात आणि वाफा ते सगळे पोटात घेतो. तासाभरात ५० मिलिमीटर पडला तर ५,००० लिटर येतात. ४,००० लिटर पुढे वाहून जातात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आपल्या गच्चीवर तो ९४,४०० लिटर होतो. दिवसभर न थांबता मुरवूनही वाफा जेमतेम ६,७५० लिटर घेईल, म्हणजे सुमारे ७ टक्के. तेही खालची जमीन पाणी घेत राहिली तर. कोकणपट्टीत जुलैमध्ये सखल भागांतील भूजल जमिनीच्या अगदी जवळ आलेले असते.

चीनने २०१३ नंतर 'स्पंजनगरी' अशी मोठी मोहीम हाती घेतली. झेंगझोउ शहरातही ही कामे झाली होती. २० जुलै २०२१ रोजी तिथे एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस पडला आणि भुयारी रेल्वेत अडकून १४ जणांचा मृत्यू झाला. यावरून 'स्पंज निरुपयोगी' असा निष्कर्ष काढणारे चुकतात, आणि 'स्पंज आहे तेव्हा पूर येणार नाही' असे आश्वासन देणारे त्याहून अधिक चुकतात. रोजच्या सरी आणि महापूर हे दोन वेगळे प्रश्न आहेत. वाफा पहिल्यावर उपाय आहे. दुसऱ्यासाठी मोठी गटारे, मोकळी नदीपात्रे, खाडीकाठच्या पाणथळ जागा आणि वेळेवर मिळणारी सूचना लागते.

चौथी, चित्रात माणूस नसतो. वाफ्याच्या तोंडाशी कचरा अडकतो, गाळाचा पापुद्रा बसतो, झाडे वाळतात. वर्षातून काही वेळा कोणीतरी फावडे घेऊन यावेच लागते. गाळाने तोंड बंद झालेला वाफा म्हणजे डासांसाठी केलेला खड्डा. तो साधारण दोन दिवसांत कोरडा होतो की नाही हे पाहणारा कोणी नसेल तर तो न केलेला बरा.

निम्मे पाणी मुरेल

मग आपल्याला याचा उपयोग काय? मुंबईचेच उदाहरण घेऊ. शहराची जुनी पावसाळी गटारे तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरून बांधलेली होती, आणि पडणाऱ्या पाण्यापैकी निम्मेच गटारात येईल, बाकीचे मुरेल असे गृहीत होते. १९९३ च्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालाने हे बदलायला सांगितले. तासाला ५० मिलिमीटर पाऊस धरा, आणि सगळेच पाणी गटारात येईल असे समजा. 'निम्मे पाणी मुरेल' हे वाक्य एकेकाळी खरे असू शकेल. शहर पसरले, अंगणांना फरश्या बसल्या, मैदानांवर इमारती आल्या. हिशेबातले निम्मे मात्र बराच काळ तसेच राहिले. हा मोडलेल्या बाणाचाच परिणाम आहे, आणि त्याची किंमत गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या वस्त्यांनी मोजली आहे.

मुरवण-वाफे ते निम्मे परत आणू शकणार नाहीत. पण वर्षातल्या लहान सरी, आणि विशेषतः मृगाच्या पहिल्या सरीबरोबर येणारा रस्त्यावरचा सगळ्यांत घाण धुवणाचा भाग, ते अडवू शकतात. त्यांच्याकडून एवढीच अपेक्षा ठेवली तर ते उपयोगी आहेत. मेरीलँडच्या पुस्तिकेतील मापे मात्र आपल्या पावसाला आणि आपल्या मातीला जशीच्या तशी लागू होणार नाहीत. ती इथेच मोजून ठरवावी लागतील.

वर्गात काय करावे

प्लॅस्टिकच्या तीन बाटल्यांचे तळ कापून त्या उलट्या धराव्यात व तोंडाला कापड बांधावे. एकीत धुतलेली वाळू, दुसरीत बागेतली माती व वाळू समप्रमाणात, तिसरीत वाळू व भरपूर कंपोस्ट. प्रत्येकीत आधी गढूळ पाणी ओतावे आणि खाली येणारे पाणी पाहावे. मग मिठाचे पाणी ओतावे. खाली आलेल्या पाण्याचा थेंब स्टीलच्या ताटलीत उन्हात वाळवला की पांढरा डाग उरतो. गाळ अडला, मीठ आरपार गेले. शेवटी तिसऱ्या बाटलीत नुसते स्वच्छ पाणी ओतावे. खाली चहाच्या रंगाचे पाणी येते. वाफा पाण्यातून काही घेतो तसा पाण्याला काही देतोही, हे मुलांना त्या रंगावरून पटते. मुरण्याचा वेगही घड्याळ लावून मोजता येईल. मग वरचे गच्चीचे गणित त्यांनी स्वतःच्या बाटलीच्या आकड्यांवर करावे.

त्यानंतर जलचक्राचे चित्र पुन्हा काढायला सांगावे, पण या वेळी पाऊस शाळेच्या छपरावर पाडावा. पन्हळीतून पाणी कुठे पडते? तिथून कोणत्या गटारात? ते गटार कोणत्या नाल्याला मिळते, आणि नाला कोणत्या नदीला? बहुतेक मुलांना दुसऱ्या प्रश्नाच्या पुढे जाता येणार नाही, आणि कित्येकदा आपल्यालाही येणार नाही. तेव्हा पहिला मोठा पाऊस पडेल त्या दिवशी, पाऊस ओसरल्यावर, मुलांना घेऊन शाळेभोवती एक फेरी मारावी आणि पाण्याच्या मागे जाऊन ते बाण कागदावर काढावेत. त्या नकाशात डोंगर आला नाही तरी चालेल.